लाकूड, वादी आणि बर्फ

११ जानेवारी १७७२ ची गोष्ट. कॅनडाच्या वायव्येला, ग्रेट स्लेव्ह लेक या अफाट सरोवराच्या दक्षिणेला, चिपेवायन लोकांची एक टोळी मुक्कामाला होती. तिच्याबरोबर सॅम्युएल हर्न नावाचा इंग्रज होता. हडसन्स बे कंपनीनं त्याला उत्तरेकडच्या तांब्याचा शोध घ्यायला पाठवलं होतं आणि आता तो परतीच्या वाटेवर होता. टोळीतले काही जण शिकारीला गेले असताना त्यांना बर्फात एक माग दिसला. माग स्नोशूचाच, म्हणजे बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्याचाच होता, पण त्यांच्यातल्या कुणाच्या स्नोशूचा नव्हता. त्या मागानं बरंच अंतर चालून गेल्यावर एक लहानशी झोपडी लागली. आत एक तरुण बाई एकटीच बसली होती.

ती डॉग्रिब जमातीची होती. १७७० च्या उन्हाळ्यात शत्रूच्या टोळीनं तिला धरून नेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती निसटली. पण नद्या आणि तळ्यांच्या जंजाळात घरची वाट तिला सापडली नाही, म्हणून तिनं तिथंच झोपडी उभारली आणि हिवाळा काढायला घेतला. सात महिन्यांहून जास्त काळ तिला माणूस दिसलं नव्हतं. फासे लावून ती रानकोंबड्या, ससे आणि खारी धरायची. जवळचे स्नायूंचे धागे संपल्यावर सशांच्या पायांतल्या शिरा काढून तिनं नवे फासे वळले. सशांच्या कातड्याचे कपडे शिवले. विलोच्या आतल्या सालीचा सुतळीसारखा दोर वळून ठेवला, वसंतात मासेमारीचं जाळं विणायला. लोखंडाची दोनच हत्यारं तिच्याकडे होती. पिंपाच्या लोखंडी पट्टीच्या पाच-सहा इंची तुकड्याची सुरी, आणि बाणाच्या टोकाच्या दांडीची आरी. एवढ्या सामानावर तिनं स्वतःसाठी स्नोशूंचा पुरा जोड केला होता.

हर्ननं हे सगळं मोठ्या आदरानं लिहिलं आहे. तिच्या हातच्या वस्तूंची सफाई त्याला थक्क करून गेली. पुढं टोळीतले पुरुष तिच्यासाठी एकमेकांशी कुस्त्या लढले आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जिंकली गेली, हेही त्यानं लिहिलं आहे. तिचं नाव मात्र लिहिलेलं नाही. १७९५ साली त्याचं पुस्तक छापून आलं. स्नोशूच्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती हीच बाई.

माग परका आहे हे शिकाऱ्यांनी इतक्या झटकन कसं ओळखलं, याचं उत्तर हर्नच्याच पुस्तकात आहे. चिपेवायन लोकांच्या स्नोशूला डावा-उजवा असायचा. चौकटीची आतली बाजू जवळपास सरळ आणि बाहेरची मोठ्या बाकाची, म्हणजे चालताना दोन पायांचे जोडे एकमेकांत अडकत नाहीत. दक्षिणेकडच्या जमातींचे स्नोशू दोन्ही बाजूंनी सारखे, कुठल्याही पायात चालणारे. पाय टेकतो त्या जागेची वीणसुद्धा वेगळी. तेव्हा एका ठशावरून कोण गेलं, कुठल्या मुलखातलं गेलं, हे कळायचं. वस्तूचा घाट मुलखानं ठरवला होता आणि ज्याला मुलूख माहीत होता त्याला घाट वाचता येत होता.

मी कोल्हापूरची. आमच्या घरात चपलांचं काम होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं वडील कापायचे, तळ आणि पट्टे जोडायचे. बारीक वाद्यांच्या वेण्या घालायचं काम आईकडे आणि काकूकडे. पेठेत चप्पल विकली जायची ती वडिलांची म्हणून. लग्नानंतर मी मॉन्ट्रियलला आले आणि इथल्या मॅककॉर्ड संग्रहालयात जुने स्नोशू जवळून पाहिले, तेव्हा माझी नजर आधी गेली ती वादीवर. इतक्या बारीक, इतक्या एकसारख्या वाद्या एका कातड्यातून कशा निघाल्या असतील, हा प्रश्न मला तिथंच पडला, आणि तेव्हापासून मी या वस्तूच्या मागे आहे.

डिसेंबर उजाडला की इथल्या खेळसाहित्याच्या दुकानांत लोक विचारतात, कुठला स्नोशू घेऊ? विक्रेता तीन गोष्टी विचारतो. तुमचं वजन किती, बर्फ कसला, चालणार कुठं? भिंतीवर तक्ता लावलेला असतो. हा तक्ता लाकडात आणि कातड्यात कितीतरी शतकं आधी मांडून झालेला आहे.

मूळ तत्त्व सोपं आहे. माणसाचं वजन बुटाच्या तळव्याएवढ्या जागेवर पडलं तर ताज्या बर्फात तो मांडीपर्यंत जातो. तेच वजन मोठ्या जागेवर पसरलं तर काही इंचच रुततो. पण जागा वाढवली की जोडा मोठा होतो, आणि मोठा जोडा झाडीत अडकतो, वळताना आडवा येतो, दमवतो. प्रत्येक मुलखानं ही ओढाताण आपल्या बर्फाप्रमाणं सोडवली. क्वेबेकच्या दाट, डोंगराळ जंगलात आखूड आणि गोलसर घाट चालला. त्याला अस्वलाचा पंजा म्हणतात. झाडांच्या बुंध्यांमधून तो सहज वळतो. सेंट लॉरेन्स नदीच्या दोन्ही अंगांना, ह्युरन-वेंडाट लोकांच्या मुलखात आणि पुढे मेनपर्यंत, पुढून रुंद आणि मागं निमुळतं शेपूट असलेला घाट रुळला. शेपूट बर्फावर घासत राहतं आणि जोडा सरळ रेषेत ठेवतं. ग्रेट लेक्सच्या उत्तरेचे ओजिब्वे लोक चौकट दोन लाकडांची करायचे आणि पुढचं टोक वर वळवायचे. दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळं झुडपांतून जाताना काही अडकत नाही. अलास्का आणि युकॉनकडे, जिथं गोठलेल्या नद्यांवरून मैलोन् मैल मोकळं चालायचं, तिथं माणसाच्या खांद्याएवढे लांब आणि चिंचोळे जोडे.

वीणही तशीच बदलते. कडाक्याच्या थंडीतला कोरडा, पिठूळ बर्फ मोठ्या जाळीतून वर येतो, म्हणून उत्तरेकडची जाळी अत्यंत दाट. क्री जमातीच्या बायकांच्या काही जुन्या जोडांची भोकं इतकी बारीक आहेत की तांदळाचा दाणा अडावा. दक्षिणेला, जिथं बर्फ ओला आणि जड पडतो, तिथं दाट जाळीवर तो चिकटून बसेल. म्हणून जाळी मोकळी आणि वादी जाड.

ही अक्कल एकट्या उत्तर अमेरिकेची आहे असंही नाही. २००३ साली इटलीच्या साउथ टिरोलमध्ये, ३,१३४ मीटर उंचीवरच्या एका खिंडीत, एका नकाशाकाराला बर्फातून वर आलेली वाकवलेली फांदी आणि दोरा सापडला. त्यानं तो बरीच वर्षं आपल्याजवळ ठेवला आणि मग पुरातत्त्व खात्याच्या हवाली केला. तपासणीत तो बर्च लाकडाचा स्नोशू ठरला, इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० च्या काळातला. आज हाती असलेला हा सर्वांत जुना. जपानात निइगाताचा बर्फ ओला, जड आणि डोक्यावरून जाईल इतका पडतो. तिथले कांजिकी आखूड, गोल आणि दणकट. सुझुकी बोकुशी या शिओझावाच्या व्यापाऱ्यानं १८३७ मध्ये छापायला सुरुवात केलेल्या आपल्या हिममुलखाच्या ग्रंथात त्यांची चित्रं दिली आहेत. कॉकेशसमधले लोक ढोलकीसारखे कच्च्या कातड्याचे, खिळे लावलेले रुंद जोडे घालून बर्फ चढतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहून गेला. पण लाकूड, कातडं आणि बर्फ यांचा मेळ जितक्या बारकाईनं उत्तर अमेरिकेच्या जमातींनी बसवला तितका दुसरीकडे दिसत नाही.

आता कामाकडे येते. दक्षिण भागात लाकूड अॅशच्या झाडाचं. ताजं तोडलेलं खोड पाचरी ठोकून उभं फाडतात. करवतीनं कापलं तर रेषा तुटते आणि वाकवताना पट्टी तिथंच मोडते. अॅशचा गुण हा की ते रेषेत सरळ फाटतं. आठ-दहा फुटांची पट्टी सुरीनं तासून, गरम पाण्यानं किंवा वाफेनं नरम करून वाकवतात, शेपटाशी दोन्ही टोकं बांधतात आणि मधे दोन आडव्या दांड्या बसवतात. उत्तरेला अॅश उगवत नाही, तिथं बर्च किंवा टॅमरॅक. हे काम पुरुषांचं.

वीण बायकांची. कॅरिबू किंवा मूस या हरणांचं कातडं भिजवून, केस आणि मांस खरवडून साफ करायचं. ते कमवत नाहीत, कच्चंच ठेवतात. मग कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत जात एकच अखंड वादी काढायची. मी हे इनू जमातीच्या एका आजींकडून पाहिलं, सेंट लॉरेन्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात, त्या वीण शिकवत होत्या तिथं. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख मापाचं काम करत होतं. सुरी जागेवर स्थिर आणि कातडं तिच्याकडे सरकत होतं. वादी भिजलेली, हाताला गार आणि बुळबुळीत. सुई हाडाची, दोन्ही टोकांना निमुळती, भोक मधोमध, म्हणजे उलटीसुलटी न फिरवता दोन्हीकडून चालते. पुढचा आणि मागचा भाग बारीक वादीचा, षट्कोनी वीण. पायाखालचा मधला भाग जाड वादीचा, कारण सगळा भार तिथं. पुढच्या दांडीला लागून एक भोक मोकळं सोडायचं. पाऊल उचललं की बुटाचं टोक त्या भोकातून खाली जातं आणि टाच मोकळी वर येते. स्नोशू चालताना उचलावा लागत नाही, शेपूट घासत मागून येतं, ते या भोकामुळं.

आजी मला सारखं एकच सांगत होत्या: ओढ, पण फार ओढू नकोस. ओली वादी वाळताना आक्रसते. सैल विणली तर पहिल्याच दिवशी झोळी पडते, आणि जास्त ताणली तर वाळता वाळता चौकटच पिळवटून टाकते. ती ताकद बोटांना कळावी लागते. दोन दिवसांनी वाळलेल्या विणीवर टिचकी मारली तर ताणलेल्या चामड्याचा टणक आवाज आला. गाईच्या कातड्याची वादी ओली झाली की लोंबते. कॅरिबूची फार कमी सैल पडते. म्हणून जाणकार आजही कॅरिबूच मागतात.

बायकांच्या या कामाशिवाय काय होतं, ते हर्नच्या हकिगतीत दिसतं. त्याच्या पहिल्या दोन मोहिमा फसल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्याला वाट दाखवणारा चिपेवायन पुढारी मातोनाबी यानं त्याचं कारण सरळ सांगितलं. तुमच्याबरोबर बायका नव्हत्या. ओझी ओढणं, तंबू ठोकणं, कपडे आणि जोडे करणं, दुरुस्त करणं, हे त्यांच्याशिवाय होत नाही, आणि त्याशिवाय या मुलखात लांबचा प्रवास होत नाही. त्याच्या बोलण्यात बायकांबद्दल तुच्छतेचं बरंच काही आहे आणि ते वाचताना राग येतो. पण मुद्द्याची गोष्ट त्याला ठाऊक होती. कंपनीच्या गोदामांत आलेली कातडी, नकाशांवर चढलेल्या नद्या, या सगळ्यांच्या खाली बायकांनी विणलेली जाळी होती.

फ्रेंचांना स्नोशूचं मोल बरंच आधी कळलं. साम्युएल द शाम्प्लेननं १६०३ च्या आपल्या वृत्तान्तात सेंट लॉरेन्सकाठचे लोक पायाला फ्रान्समधल्या खेळाच्या रॅकेटीहून मोठी रॅकेट बांधून बर्फावर न रुतता शिकार करतात, असं लिहिलं. फ्रेंचमध्ये तेच नाव कायम झालं. जेसुइट पाद्री पॉल ल जन १६३३-३४ चा हिवाळा इनू कुटुंबांबरोबर जंगलात हिंडला. त्याच्या लिखाणातून एक गोष्ट नीट समजते: त्या लोकांना खोल बर्फ हवा असायचा. बर्फ खोल असला की मूस पोटापर्यंत रुततो आणि स्नोशूवरचा शिकारी त्याला गाठतो. बर्फ कमी पडला तर मूस पळून जातो आणि माणसं उपाशी राहतात. त्या हिवाळ्यात बर्फ वेळेवर पडला नाही आणि ल जननं त्यांच्याबरोबर उपासमार सोसली. आपण बर्फाला अडचण समजतो. त्यांच्या घरी तो अन्न घेऊन यायचा, आणि स्नोशू हे त्या अन्नापर्यंत पोचायचं साधन होतं.

नवख्या युरोपीयांचे पाय मात्र सुजायचे. पाऊल फाकवून, जोडा ओढत चालण्याची सवय नसली की घोट्याच्या आणि नडगीच्या शिरा सुजून पाऊल टाकता येत नाही. फर व्यापारातल्या फ्रेंच नावाड्यांनी त्या दुखण्याला वेगळं नावच दिलं होतं. तरी ते शिकले, आणि शिकल्यावर त्यांनी हे ज्ञान लढाईला जुंपलं. फेब्रुवारी १६९० मध्ये मॉन्ट्रियलहून निघालेली फ्रेंच आणि मोहॉक-अल्गोंक्विन तुकडी न्यू यॉर्कच्या स्केनेक्टडीवर रात्री तुटून पडली. २९ फेब्रुवारी १७०४ ला मॅसॅच्युसेट्सच्या डीअरफील्डवर छापा पडला तेव्हा कुंपणाला वाऱ्यानं लावलेला बर्फाचा ढीग होता; हल्लेखोर त्यावरून चढून आत उतरले. ११२ माणसं कैद झाली आणि त्यांना ऐन थंडीत सुमारे ३०० मैल चालवत कॅनडात नेलं. इंग्रज वसाहती तोवर हिवाळ्याला तटबंदी समजून निर्धास्त असायच्या. आता त्यांनाही स्नोशू लागले. १३ मार्च १७५८ ला लेक जॉर्जजवळ इंग्रजांच्या बाजूनं लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सची स्नोशूवरची रेंजर तुकडी आणि फ्रेंचांची टोळी भिडल्या आणि रॉजर्सची बहुतेक माणसं मारली गेली. इतिहासात ही लढाई स्नोशूवरची लढाई म्हणूनच ओळखली जाते. ज्यांनी हे जोडे विणले त्यांचा उल्लेख त्या नावात नाही.

एकोणिसाव्या शतकात हीच वस्तू हौसेची झाली, आणि ते घडलं मी राहते त्या शहरात. मॉन्ट्रियल स्नोशू क्लब १८४० च्या सुमारास मित्रमंडळींतून सुरू झाला आणि १८४३ मध्ये रीतसर स्थापन झाला. व्यापारी, वकील, बँकेतले लोक पांढऱ्या ब्लँकेटचे कोट, कमरेला रंगीत पट्टा आणि डोक्याला निळी लोकरी टोपी घालून संध्याकाळी माउंट रॉयलच्या टेकडीवरून मशाली घेऊन चालायचे, पलीकडे उतरून जेवायचे, गाणी म्हणायचे. १८७७ मध्ये विल्यम नॉटमनच्या स्टुडिओनं या क्लबचा प्रसिद्ध फोटो केला. प्रत्येक सभासदाचा स्टुडिओत वेगळा फोटो घेऊन, कापून, रंगवलेल्या बर्फाच्या देखाव्यावर चिकटवला, आणि शेकडो माणसांचा एक मेळा उभा केला. १८८३ च्या पहिल्या हिवाळी उत्सवात डोमिनियन चौकात बर्फाचा राजवाडा बांधला. मशालधारी स्नोशूवाल्यांनी दारूकामाच्या आतषबाजीत त्यावर लुटुपुटूचा हल्ला केला. हे फोटो मी संग्रहालयात पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. ते सुंदर आहेत, हे मान्य करायला हवं.

पण शर्यतींचा इतिहास वाचला की मन खट्टू होतं. नदीपलीकडे काहनवाके हे मोहॉकांचं गाव आहे. तिथले धावपटू स्नोशूच्या शर्यतींत क्लबवाल्यांना मागं टाकायचे. मग त्यांच्यासाठी वेगळ्या शर्यती ठेवल्या. त्यापुढची पायरी म्हणजे हौशी खेळाडूची व्याख्या. मॉन्ट्रियल पेडेस्ट्रियन क्लबनं १८७३ मध्ये लिहून ठेवलेल्या व्याख्येत पैशासाठी खेळलेला, खेळ शिकवून पोट भरणारा, मजूर आणि इंडियन, हे सगळे हौशी नव्हेत असं स्पष्ट म्हटलं आहे. ज्यांनी वस्तू शोधली, ज्यांच्या बायकांनी क्लबच्या सभासदांचे जोडे विणले, त्यांना त्याच जोड्यांवर हौशी शर्यतींत धावायची बंदी. त्या काळची रीत म्हणून हे सोडून द्यावं असं मला वाटत नाही. कोल्हापुरात चप्पल पायात घालणाऱ्या घरांत चप्पल करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं, हे मी माझ्या आजोबांकडून ऐकलं आहे.

जोडे येत होते कुठून? बरेचसे क्वेबेक शहराजवळच्या लोरेतहून, म्हणजे आजच्या वेंडाकेहून. ह्युरन-वेंडाट लोक १६९७ पासून तिथं वसले. शेती-शिकारीची जमीन हातातून जात राहिली तशी त्यांनी स्नोशू आणि मोकॅसिन या मऊ कातडी बुटांचा व्यापार उभा केला आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर गावाचं पोट चाललं. घराघरांतून वीण चालायची. सीमेपलीकडे मेन राज्यातल्या नॉर्वे या गावात अॅशची मुबलक झाडं होती. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाने निघाले. त्या गावच्या मेली डनम या शेतकऱ्यानं रॉबर्ट पिअरीच्या ध्रुव मोहिमेसाठी स्नोशू बनवून दिले. तो फिडलही वाजवायचा, इतका छान की १९२५ मध्ये हेन्री फोर्डनं त्याला वाजवायला डिअरबॉर्नला बोलावून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या कारखान्यांतून सैन्यासाठी जोडे गेले. गाईचं कातडं, वर व्हार्निशचा हात, ठरावीक मापं. काम चोख होतं, पण जाळी आता एकाच मापाची झाली. पूर्वी विणणारी ज्याच्यासाठी विणते त्याचं वजन आणि त्याचं रान ओळखत होती. कारखान्याला ते शक्य नव्हतं.

मग पश्चिमेचे डोंगर आले. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात बर्फ ओला आणि जड, उतार तीव्र. लांब शेपटीचा लाकडी जोडा तिथं आडव्या उतारावर घसरतो. एलेन्सबर्गच्या जीन आणि बिल प्रेटर या भावांनी डोंगर चढता चढता त्यावर काम केलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल प्रेटरनं अॅल्युमिनियमच्या नळीची चौकट, रबरी पडदा, फिरत्या दांडीवर बसवलेली बांधणी आणि बुटाखाली लोखंडी पंजा, असा जोडा बाजारात आणला. आज दुकानात दिसणारा जवळपास प्रत्येक स्नोशू त्याच्या वंशातला आहे. ही खरी सुधारणा होती. नव्या बर्फानं पुन्हा नवा घाट मागितला, आणि तो मिळाला.

लाकडी जोड्याचं पुढं काय होईल याची मला मनापासून काळजी वाटते. अॅशच्या झाडाला पोखरणारा आशियातला हिरवा चमकदार भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइट-विंडसर भागात सापडला. २०११ मध्ये तो मॉन्ट्रियलला आणि २०१८ मध्ये मेनला पोचला. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे करते आणि मोठं झाडही काही वर्षांत वाळतं. आमच्या गल्लीतले अॅश पालिकेनं तोडून नेले. कातड्याचंही तेच. क्वेबेक-लॅब्राडॉरच्या जॉर्ज नदीकाठच्या कॅरिबूंचा कळप १९९० च्या दशकात सात-आठ लाखांचा होता. २०१८ च्या मोजणीत साडेपाच हजार भरला. इनू आजी आता मूसची वादी वापरतात.

तरीही निवड करायची आहे, आणि नीट करता येते. पुण्या-मुंबईहून हिमालयातल्या केदारकंठ्याला जाणाऱ्यांना स्नोशू लागत नाही. तिथली वाट माणसांच्या वर्दळीनं दाबली गेलेली असते. बुटाला अडकवायचे छोटे खिळे आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून बांधायचे गेटर पुरतात. टोरांटो, मॉन्ट्रियल, बॉस्टनच्या मराठी घरांतून मात्र हल्ली बरेच जण हिवाळ्यात चालायला निघतात, त्यांच्यासाठी लिहिते. वजन मोजताना पाठीवरची पिशवी, पाणी आणि जाड कपडे धरा. साठ-सत्तर किलोच्या माणसाला दाबलेल्या वाटेवर ८ बाय २५ इंचांचा जोड पुरतो. तोच माणूस सामान घेऊन ताज्या कोरड्या बर्फात जाणार असेल तर ३० इंची घ्यावा. मोठा घेतला की सुरक्षित, हा समज सोडा. गरजेपेक्षा मोठा जोडा फक्त दमवतो. डोंगरात जायचं तर पंजे दणकट आणि टाचेखाली उचलायची कडी असलेला अॅल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा घ्या. बांधताना पावलाचा पुढचा फुगीर भाग बरोबर फिरत्या दांडीवर आला पाहिजे. दुकानात बूट घालून, बांधून, पाऊल उचलून पाहा: शेपूट खाली लोंबलं पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात भाड्यानं घ्या.

आणि सपाट रान, मेपलची झाडी, कोरडा बर्फ असेल तर एकदा लाकडी जोड्यावर चालून पाहा. तो आवाज करत नाही. अॅल्युमिनियम कडक बर्फावर सतत खडखडतो. वेंडाकेला हाताने विणलेले जोड अजून मिळतात. महाग आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. घेताना वीण कुणाच्या हातची ते विचारा आणि ते नाव लिहून ठेवा. कडक टाचेचे बूट त्यावर घालू नका, कडेनं वादी कापली जाते. मऊ तळाचे घाला. आल्यावर हीटरजवळ वाळवू नका, कातडं ठिसूळ होतं. उन्हाळ्यात कोरड्या, हवेशीर जागी, उंचावर तारेला टांगा. कच्चं कातडं उंदीर एका रात्रीत कुरतडून टाकतात.